शेवटची तीन मिनिटं

“आये, या डब्यातली पट्टी कुठं हाय?”

महादूनं पत्र्याचा गोल डबा उलटा करून दाखवला. आत नुसतं रिकामं चाक होतं.

“ती व्हय? तिला बुरशी धरलेली, पोरा. मी बोंबलांच्या दोरीवर टाकली, ऊन द्यायला,” जिवली म्हणाली, आणि टोपली उचलून निघालीसुद्धा.

महादू जीव तोडून धावला. एडवणच्या किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकत होते आणि त्यांच्यामधून तपकिरी टेप फडफडत होती. निम्मी वाळूत, काही कावळ्यांच्या चोचीत. जागोजाग तुटलेली. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. आईला तरी काय बोलणार? बोंबलाला बुरशी धरली की ऊन द्यायचं, एवढंच ती जन्मभर करत आली होती. तिच्या लेखी हीसुद्धा एक सुकवायची वस्तू.

पण ती टेप खंडेराव मास्तरांची होती. अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे चोपन्न साली, मास्तरांनी मुंबईत चाळीस वादक जमवून एक रचना बसवली होती. मागच्या रांगेत व्हायोलिन घेऊन महादू, पुढं मास्तरांची एकुलती एक लेक सुलू. तेव्हाच्या तबकडीच्या दोन बाजूंवर सहाच मिनिटं मावली. शेवटची तीन मिनिटं सुलू एकटी वाजवायची, ती टेपवरच राहिली. दोन वर्षांनी सुलू विषमज्वरानं गेली. मास्तर मुंबई सोडून पालघरला आले आणि तबकडीच्या कंपनीनं आधीच अडगळ म्हणून त्यांना देऊन टाकलेली टेप ट्रंकेच्या तळाशी गेली.

आता त्याच कंपनीला जाग आली होती. जुन्या टेपा साफ करून मोठ्या लाँगप्ले तबकड्या काढायच्या होत्या. रचना पुरी नऊ मिनिटांची मिळाली तरच घेऊ आणि कव्हरवर सुलूचं नाव छापू, असं पत्र आलं.

मास्तरांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी महिन्याचीसुद्धा खात्री दिली नव्हती.

“तिचं नाव छापलेलं बघू दे रे, मग खुशाल जाईन,” डबा देताना ते म्हणाले होते. “तुझ्या तारापूरच्या साहेबाच्या मशीनवर नीट करून आण. गुरुवारी कंपनीचा माणूस येतोय.”

“मास्तर, आधी तुमी ऐकता का एकदा?”

“मला नाही ऐकवत,” ते म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

आणि आता हे! महादूनं दिवसभर वाळू चाळली. सुरूच्या झाडांवर चढून कावळ्यांची घरटी उचकली. मिळेल तो तुकडा मऊ फडक्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी ते गाठोडं छातीशी धरून तो तारापूरला गेला. तिथं वीजकेंद्राच्या बांधकामावर तो वायरमन होता. परदेशी साहेबाचा टेपरेकॉर्डर बिघडला की त्यालाच बोलावणं यायचं, म्हणून साहेबानं मशीन वापरायला हसत परवानगी दिली.

तुकडे ऐकत, जुळवत, चिकटवत त्यानं तीन दिवस काढले. रचना तोंडपाठ होती म्हणून निभावलं. कुठं खरखर, कुठं सूर थोडा हललेला, पण सहा मिनिटं उभी राहिली. सुलूचा शेवट मात्र नव्हता. एक वीतसुद्धा नाही.

महादू मशीनसमोर बसून ढसाढसा रडला. मरणाऱ्या माणसानं विश्वासानं काय दिलं आणि आपण काय करून बसलो! खरं सांगावं, तर मास्तर जागच्या जागी जातील. न सांगता सहाच मिनिटं दिली, तर कंपनी घेणार नाही आणि सुलूचं नाव जाईल.

मग त्यानं बोईसरच्या खोलीवरून व्हायोलिन आणलं. केबल ओढून बोटांना घट्टे पडले होते. त्या काळी सुलूच्या पाठीमागं बसून तो तिचा शेवट मनातल्या मनात वाजवायचा. तिच्यासारखं कधी जमेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बुधवारी दुपारी विसाव्यांदा वाजवताना कुठं तो सूर लागला. कोऱ्या टेपवर घेतलेला तो तुकडा त्यानं मूळ टेपच्या टोकाला चिकटवला.

गुरुवारी पालघरच्या खोलीत साहेबाच्या मशीनवर टेप लागली. कंपनीचा माणूस डोळे मिटून ऐकत होता. मास्तर छताकडं बघत पडले होते. शेवट सुरू झाला आणि त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. महादूनं मान खाली घातली.

“वा! काय हात होता हो मुलीचा,” कंपनीचा माणूस म्हणाला. “खरखर आम्ही काढू. नाव ठळक छापतो.”

टेप घेऊन तो स्टेशनकडं गेला. महादूला राहवेना. त्यानं मास्तरांचे पाय धरले.

“मास्तर, मी तुमचा गुन्हेगार हाय. आयेनं टेप उन्हात टाकली, शेवट कावळ्यांनी नेला. ते सुलूताईंचं नव्हतं. मी वाजवलं. आता मारा नायतर पोलिसात द्या.”

मास्तरांनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

“कावळ्यांना कशाला बोल लावतोस? तेवढी टेप तर मीच कापून सुलूच्या चितेवर ठेवली होती.”