पन्नास वर्षांची अट

"ती अट काढून टाक. उद्यापासून कोणीही येऊन बघू दे," काकू म्हणाल्या आणि सही केलेला कागद त्यांनी टेबलावर सरकवला.

ग्रंथपालबाईंना खरंच वाटेना. वर्षापूर्वी याच खुर्चीत बसून काकूंनी दिवंगत कादंबरीकार नवऱ्याचे सगळे कागद ग्रंथालयाला फुकट दिले होते. अट एकच, पन्नास वर्षं कोणाला दाखवायचे नाहीत. "म्हणायचे, मी गेल्यावर माझे खर्डे बघायला लोक रांगा लावतील. बसा म्हणावं आता वाट बघत," असं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या.

राग साधासुधा नव्हता. काकूंच्या आईला म्हातारपणी भ्रम झाला होता. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नसायची, तशीच रस्त्यावर निघायची बिचारी. कादंबरीकार जावयाने त्यावर एक विनोदी प्रकरण लिहिलं. लोक पोट धरधरून हसले, पुस्तक गाजलं आणि काकूंचं माहेर तुटलं. सख्खा भाऊ पुन्हा दारात आला नाही.

ग्रंथपालबाईंनी मात्र ते कागद जिवापाड जपले. कॉलेजपासून त्या या लेखकावर फिदा. गंजलेल्या टाचण्या काढल्या, घड्या सपाट केल्या, पानांचे आकडे जुळवून एकेका कादंबरीचे खर्डे वेगळ्या खोक्यात लावले. अट होती म्हणून मजकुरावर नजर ठरू दिली नाही. समोर लाडू ठेवून उपास करण्यातला प्रकार होता तो.

पण झाकली मूठ सव्वा लाखाची. कागद बंद आहेत म्हटल्यावर गावभर चर्चा सुरू झाली. आत कोणाची प्रेमपत्रं आहेत, कोणाची लफडी आहेत, जो तो आपली अक्कल पाजळू लागला. धूळ खात पडलेल्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. गेल्या महिन्यात तर त्या विनोदी प्रकरणाचं नाटक आलं. काकू मागच्या रांगेत बसून आल्या होत्या. आख्खं थिएटर त्यांच्या आईला हसत होतं.

ग्रंथपालबाईंना भरून आलं. त्या म्हणाल्या, "काकू, शेवटी तुम्ही त्यांना माफ केलंत. फार मोठं मन आहे तुमचं."

"माफ?" काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "अगं, मला वाटलं होतं, कोणी बघितलं नाही की लोक विसरतील. तिथेच चुकलं माझं. ते खर्डे मी वाचलेत, सगळेच्या सगळे. एक वाक्य धड नाही त्यात. प्रकाशकाकडचे म्हातारे संपादक घरी येऊन बसायचे, ओळन् ओळ नव्याने लिहून द्यायचे. यांनी स्वतः काय लिहिलंय ते लोकांनी अजून पाहिलंच नाहीये."

ग्रंथपालबाईंनी नकळत मागच्या खोक्यांकडे पाहिलं. किती मायेने लावले होते एकेक पान.

काकू उठल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारातून म्हणाल्या, "आईवरच्या त्या प्रकरणाचा खर्डा सगळ्यात वर ठेव. लोकांना हसायचंच आहे, तर हसू देत पोटभर."