आवळून धर

कुवेतमधल्या जहरा शहरात, दवाखान्यात नर्स असलेल्या कुबराला नवऱ्याच्या मित्राचा, शेजारच्या आदिलचा वाळवंटातून फोन आला. शिकारीत मारलेला ससा सोलताना बरोबरच्या माणसाच्या मांडीत सुरी खोल घुसली होती, आणि ॲम्ब्युलन्स पोचायला अजून वीस मिनिटं होती.

"रक्त थांबत नाय, भाभी!"

"कमरेचा पट्टा काढ. जखमेच्या वर बांध आणि जीव खाऊन आवळ. तो ओरडला तरी सोडू नको."

"आता ओरडत पण नाय तो."

"आदिल, सोडू नको!"

अखेर फोनमधून सायरन ऐकू आला. त्या माणसाचा श्वास अजून चालू होता. कुबराने केसपेपर पुढे ओढला.

"त्याच्या बायकोला कळवलंस?"

 

आदिलला रडू फुटलं. "तेच करतोय, भाभी."