भोक नसलेलं कार्ड

क्लाइड बेनरने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. भोक नव्हतं.

"तिसऱ्यांदा बघताय," व्हर्ना हॉफ म्हणाली. "बघून बघून झिजेल ते."

क्लाइड हसला नाही. त्याची बोटं गारठली होती. हातमोजे घरी विसरून तो नोव्हेंबरात शंभर मैल गाडी हाकत आला होता, तो या एका कार्डासाठी.

१९१४ साली कॅरमेलच्या गोळ्यांच्या डबीत बेसबॉल खेळाडूंची ही कार्डं निघत. खेळाडू ऐंशी. ऐंशीच्या ऐंशी जमवून कंपनीकडे पाठवली की बक्षीस म्हणून डाव्या हातात घालायचा खेळाचा कातडी हातमोजा मिळे. कार्डंही परत येत, पण मधोमध भोक पाडून, म्हणजे त्यांच्यावर कुणी दुसऱ्यांदा बक्षीस मागू नये. कंपनी हुशार होती. एकोणऐंशी खेळाडू तिने ढिगाने छापले आणि एब डोलन नावाचा एक सुमार खेळाडू अगदी मोजून. ज्या पोराला डोलन सापडे, ते दुसऱ्याच दिवशी टपालपेटी गाठे. त्यामुळे आज डोलनच्या सदतीस प्रती माहीत होत्या आणि सदतीसही प्रतींत त्याच्या छातीतून पलीकडचं दिसत होतं.

अडतिसावा टेबलावर होता. धडधाकट. एका कोपऱ्याला कॅरमेलचा पिवळट डाग, एवढंच.

कार्ड अस्सल असल्याची क्लाइडची सही लिलाववाल्यांना हवी होती. गेल्या वर्षी अशाच एका धड डोलनवर त्याने सही केली आणि तीन महिन्यांनी कळलं की भोक कागदाच्या लगद्याने बुजवलेलं होतं. तेव्हापासून कार्डांच्या मेळाव्यात लोक त्याच्यासमोर डोनट धरून विचारत, "क्लाइड, हा भरीव आहे ना रे?" आणखी एक चूक झाली असती तर त्याच्या सहीला कुणी विचारलं नसतं. भिंग एकदा फसलं होतं. या खेपेला तो माणसांकडून खात्री करून घेणार होता.

"तुमच्या वडिलांनी ही कार्डं कंपनीला पाठवली का नाहीत?" त्याने विचारलं. "पाठवली असती तर बक्षीस होतं."

"कसलं बक्षीस?"

"असंच. पोरांना आवडेल असं." विकणाऱ्याला कमीत कमी सांगायचं, हा त्याचा तीस वर्षांचा नियम होता.

"मला काय माहीत? हा कार्डांचा डबा त्यांच्या माघारी पहिल्यांदा पाहिला मी." व्हर्नाने डब्यातून एक पाकीट काढलं. "हे होतं वर."

पाकिटावर पोरगेल्या पण नीटस अक्षरात कंपनीचा पत्ता होता. दोन सेंटांचं तिकीट चिकटवलेलं. मागे लिहिलं होतं: ऐंशी पूर्ण, ६ जून १९१४. पाकीट कधी बंदच केलेलं नव्हतं.

म्हणजे पाठवायचं ठरलं होतं. मग?

"आळशी होते का?"

"कोण, आमचे बाबा? चाळीस वर्षं एकाच कारखान्यात कारकुनी केली, एक दिवस खाडा नाही."

"जूनमध्ये काय चाललं होतं त्यांचं?"

"शाळेला सुट्टी पडली आणि लाकूड कापायच्या गिरणीत लागले. बारा वर्षांचे होते. नऊ दिवस काम केलं."

"नऊच?"

"नऊच. पुढे पुन्हा शाळा. पाव घ्या, बोलून पोट भरत नाही."

पाव कापायच्या फळीतून दोन खिळे वर आले होते. क्लाइडचं बोट थोडक्यात वाचलं.

"सांभाळून. बाबांची फळी आहे. खिळ्यांत खुपसला की पाव हलत नाही."

पावावर सफरचंदाचा दाट मुरांबा होता. क्लाइड खात खात विचार करत होता. "बेसबॉलचा नाद होता?"

"नाद? दर रविवारी मैदानावर. धावफलक त्यांच्याकडेच. आपला संघ जिंकला की बाकावर अशी जोरात थाप मारायचे, शेजारचा दचकून उडायचा."

"स्वतः खेळायचे?"

"नाही हो," ती म्हणाली, जणू त्याने काही खुळ्यासारखं विचारलं होतं.

क्लाइडने पेन काढलं, लिलाववाल्यांच्या कागदावर टेकवलं, उचललं. बेसबॉलवेडं पोरगं. डोलन मिळालेला, तिकीटसुद्धा चिकटवलेलं. अशा पोराने बक्षीस सोडलं हे कुणाला पटणार? त्याला स्वतःला पटत नव्हतं. लगदा आता पूर्वीपेक्षा चांगला मिळतो, हे मात्र पटत होतं.

"माफ करा, व्हर्नाबाई. कारण सापडल्याशिवाय मला सही करता येणार नाही."

"मग नका करू," ती म्हणाली. चेहरा मात्र पडला. "बाबा खोटं काही ठेवायचे नाहीत, एवढं सांगते."

तो कोट चढवून दाराशी गेला. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. त्याने बोटांवर फुंकर मारली.

"अहो, असे उघड्या हातांनी कुठे निघालात? त्या कपाटाच्या वरच्या खणात बाबांचे हातमोजे आहेत. जोडी मिळायची नाही, पण कोरे आहेत. झिजलेले तेवढे ते टाकून द्यायचे, चांगली वस्तू टाकायला त्यांचा हात धजायचा नाही."

क्लाइडने खण ओढला. लोकरीचे, कातडी, अस्तराचे, असे चौदा हातमोजे होते. सवयीने त्याची नजर आधी अवस्थेवर गेली. एकालाही सुरकुती नव्हती, काहींना किमतीच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. त्याने एक उचलून उजव्या हातात घालून पाहिला. अंगठा भलत्या बाजूला आला. दुसरा घातला, तिसरा घातला. मग त्याने सगळे कपाटावर ओळीने मांडले.

चौदाही डाव्या हाताचे होते.