पाचवा कप

बाबांनी छिन्नी टाइलवर टेकवली तशी लेक पुढे आली आणि भिंतीला पाठ लावून उभीच राहिली. आठव्या महिन्याचं पोट घेऊन.

"आधी तपासा, मग फोडा," ती म्हणाली.

आठ दिवस हेच चाललं होतं. बाबा बाळंतपणाला सोबत म्हणून आले, बॅग ठेवली, बेसिनचा नळ उघडला आणि पाणी पिवळं आहे म्हणाले. तिला तर स्वच्छ दिसत होतं. पण चाळीस वर्षं नळ बसवलेल्या मिस्त्रीला कोण सांगणार? त्यात या घरातली पाण्याची लाईन त्यांनीच टाकलेली. ती आतून गंजली, आता हेच पाणी बाळाच्या पोटात जाणार, म्हणून माणसाची झोप उडालेली. तिला नळाचा घोट घेऊ देत नव्हते. दुखऱ्या गुडघ्यांनी समोरच्या इमारतीतून निळा कॅन भरून आणायचे, तीन जिने चढून. काल तर बाळाची दुपटीही या पाण्याने पिवळी पडली म्हणाले. दुपटी कोरी होती, अजून पाण्यात बुडलीच नव्हती. ती चांगलीच भडकली.

तिने ओट्यावर पाच पांढरे कप मांडले. बाबांचीच पद्धत. पहिल्यात सकाळचं पहिलं पाणी, दुसऱ्यात नळ पाच मिनिटं सोडून घेतलेलं, तिसऱ्यात बाथरूममधलं, चौथ्यात गिझरचं. नुसतं पहिलं पिवळं निघालं तर पाइपात साचलेलं, नुसतं गरम पिवळं तर दोष गिझरचा. सगळीच पिवळी तर लाईन गेली. पाचवा कप कॅनच्या पाण्याचा, फरक कळायला.

बाबा वाकून बघत गेले. पिवळं. पिवळं. पिवळं. पिवळं. पाचव्यापाशी थांबले. चेहरा पडला.

"समोरचंही गेलं," ते हळूच म्हणाले. "तिथली लाईनपण माझीच गं."

कॅन अजून तिच्या हातात होता. झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं.

तिचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. "बाबा," ती म्हणाली, "त्यात मी अजून पाणी ओतलंच नाही."

त्यांनी कपात बोट घातलं. कोरडं. ते बोट अंगठ्यावर घासत राहिले. मग खुर्चीवरच्या दुपट्यांच्या घड्यांकडे बघून विचारलं, ही कशी दिसतात तुला. पांढरीशुभ्र, ती म्हणाली. तिला वाटलं, आता हे खचणार. लांबून पाइपची चीर ओळखणारा माणूस हा.

"म्हणजे लाईन चांगली आहे?"

"चांगली आहे, बाबा."

बाबांचे खांदे सैल झाले. त्यांनी नळ सोडला, पाचवा कप काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला. ती एका दमात प्यायली. मग नाक ओढत म्हणाली, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

"जाऊ की," छिन्नी पिशवीत टाकत बाबा म्हणाले. "डोळे काय, ते थोडेच बाळाच्या पोटात जाणार होते?"