फोटोतली बाजरी

मांडीचं हाड मोडल्यानं भागुजी पुण्यात लेकीकडं पडून होता, पण जीव सारा निरगुडसरच्या माळावर पेरलेल्या बाजरीत. पावसानं ओढ दिली होती. बायको द्रौपदा मात्र फोनवर रोज एकच सांगायची, "बाजरी झकास हाय. तुमी पायाला जपा."

लेक कल्याणी दुष्काळाची पाहणी करणाऱ्या कचेरीत होती. एका संध्याकाळी तिनं उपग्रहानं काढलेला तालुक्याचा फोटो घरी आणला. भागुजीनं तो डोळ्यांजवळ धरला.

"एवढं लालभडक? जळालं का काय सगळं?"

"नाही बाबा. उभं पीक यात लाल दिसतं. हा बघा पारगावचा ऊस."

"मग आपलं रान दाव."

कल्याणीचं बोट माळावर सरकलं आणि तिथंच थांबलं. तिथं सगळं राखेसारखं करडं होतं. भागुजीनं त्यात लाल ठिपका शोधून पाहिला; एकही नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. "अवो, बाजरी छातीला लागली," द्रौपदा सांगत होती.

"व्हय गं," भागुजी म्हणाला, "लेकीनं आत्ताच फोटोत दावली. कणसंबी लई भरल्यात."