चौथ्या गाण्यातला ड्रम

गिटारवाला आणि रेकॉर्डवाली बाई दुकानात शिरले तेव्हा वाइंडिंगवाल्याच्या तोंडात आकडा होता. एकशे बारा, एकशे तेरा. जळलेल्या पंख्याला नवी तार भरताना वेढे मोजावे लागतात. मध्येच कुणाशी बोललं आणि आकडा चुकला, की सगळं उलगडून पहिल्यापासून. वेढे दोनशे होते. दीडशेला थांबून तारेवर खूण करता आली असती, पण त्याने केली नाही. दोघांना उभंच ठेवलं.

"या जावईबापू," दोनशे झाल्यावर तो म्हणाला. "खुर्ची एकच आहे. ती बाईंना द्या."

गिटारवाला म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि त्याही आधीचा बँडमधला जोडीदार. तीस वर्षांत तो या दुकानाची पायरी चढला नव्हता. बहिणीच्या घरी गाठ पडलीच, तर दोघांपैकी एक जण आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. आज सहीवर घोडं अडलं होतं, म्हणून पाय लागले.

बाईंचं काम सरळ होतं. कुणी न ऐकलेल्या बँडच्या जुन्या कॅसेटा धुंडाळायच्या आणि नव्याने रेकॉर्डवर काढायच्या. या बँडने जन्मात एकच कॅसेट काढली होती, सहा गाण्यांची, आणि ती मित्रमंडळींच्या घरांपलीकडे गेली नाही. बाईंना ती रद्दीत सापडली. गाणाऱ्याची सही झाली होती, बासवाल्याची झाली होती. ड्रमवाल्याने, म्हणजे वाइंडिंगवाल्याने, सही केली नाही तर रेकॉर्ड निघणार नव्हती. शेवटची सही गिटारवाल्याने स्वतःकडे राखून ठेवली होती. बँड आपला, असं तो अजूनही समजत होता.

"खरं सांगू, सर?" बाई म्हणाल्या. "चौथ्या गाण्यातला तुमचा ड्रम ऐकला आणि तिथंच ठरवलं, ही कॅसेट काढायचीच. शेवटचा तो तुकडा मी दिवसातून दहादा ऐकते. असं वाजवणारा माणूस कुणाला माहीत नाही, याचा मला राग येतो."

गिटारवाला कपाटातल्या तारेच्या रिळांकडे बघू लागला.

"यांना सांगितलं नाहीस?" वाइंडिंगवाल्याने विचारलं. तोंडातलं 'जावईबापू' आता गळून पडलं होतं.

"दादा, सही कर. जुनं उकरून काढू नकोस."

"मी डावखुरा आहे, बाई. माझे ड्रम उलटे मांडलेले असायचे. पाच गाण्यांत तुकडा उजव्या कानाकडून डाव्या कानाकडे पळतो. चौथ्यात डावीकडून उजवीकडे. घरी जाऊन ऐका. चौथ्याला मी नव्हतोच. मला या माणसाने सांगितलं होतं, आज स्टुडिओ बंद आहे."

कॅसेट पहिल्यांदा वाजली ती घरी, चारचौघांत. चौथं गाणं संपलं आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्याने ती थोपटून घेतली. मेहुण्याने फसवलं याहून हेच त्याला जास्त सलत आलं होतं. त्यानंतर त्याने कुणासमोर काड्या हातात धरल्या नाहीत.

"चाळीस वेळा घेतला तो तुकडा आपण," गिटारवाल्याचा आवाज चढला. "चाळीस. तुला जमत नव्हता. रेकॉर्डिंगवाला उठून चालला होता. तुझ्या एका तुकड्यापायी बँड बुडवायचा होता का मी?"

"तोंडावर सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतास?"

नसता आला. हे दोघांनाही ठाऊक होतं. वाइंडिंगवाल्याने टेबलावरचे दोन स्क्रूड्रायव्हर उचलले. पंख्याचा रिकामा सांगाडा, वार्निशचा डबा, पत्र्याची फळी. उजवीकडून डावीकडे तो तुकडा असा स्वच्छ धावत गेला, की बाई खुर्चीच्या टोकाला येऊन बसल्या.

"आता जमतो," तो म्हणाला. "सात वर्षं लागली. पण कॅसेटवर हा नाही."

"मग चौथ्याला वाजवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"हो, सांग की," वाइंडिंगवाला मेहुण्याकडे वळला. "नाव काय त्याचं?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला आला होता स्टुडिओत," गिटारवाला म्हणाला. "टकला होता. अर्ध्या तासात वाजवून गेला."

"नाव."

"आठवत नाही."

"आठवत नाही?"

"नाही विचारलं," गिटारवाला दातओठ खात म्हणाला. "झालं समाधान?"

वाइंडिंगवाल्याने बाईंच्या हातातला कागद ओढून घेतला. चौथ्या गाण्यासमोर त्याचंच नाव छापलेलं होतं. ते त्याने डाव्या हाताने खोडलं, वर काहीतरी लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद परत दिला. बाईंनी मोठ्याने वाचलं.

"चौथं गाणं. ड्रम, एक टकला माणूस. अर्ध्या तासात वाजवून गेला. गिटारवाल्याने नाव विचारलं नाही."

"हे छापायचं?" गिटारवाला लालेलाल झाला. "रेकॉर्डवर? माझी मुलं वाचतील हे."

"वाचू देत. एक शब्द जरी गाळलात, तरी माझी सही नाही असं समजा."

बाईंनी मान हलवली, पण ती वाइंडिंगवाल्याकडे बघून. मग कागद गिटारवाल्यापुढे सरकवला आणि शेवटच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"सर, तुमची राहिलीय."

तीस वर्षं गिटारवाल्याने या रेकॉर्डची वाट पाहिली होती. त्याने कागद दोनदा वाचला. मग खिसे चाचपले, वरचा, खालचा, पुन्हा वरचा. वाइंडिंगवाल्याने टोपण काढून आपलं पेन त्याच्यापुढे धरलं.