फुटलेलं हेल्मेट

"सीटी स्कॅन कधी करणार हिचा?" रचना पुन्हा तेच ओरडली आणि डॉक्टर मृणालचं डोकंच फिरलं.

कॉटवर रचनाची धाकटी बहीण दीप्ती बसली होती. वर्तकनगरच्या मुलींच्या गोविंदा पथकात दीप्ती सगळ्यात वर चढायची, रचना सगळ्यात खालच्या थरात उभी राहायची. हंडीला हात लागायच्या आत थर कोसळले. पथकाने दीप्तीला उचलून आणलं. वरून पडलेल्यालाच सगळे उचलतात.

मृणालने तिला नीट तपासलं होतं. बेशुद्ध झाली नव्हती, उलटी नव्हती, सगळं धड आठवत होतं. मनगट तेवढं सुजलं होतं. अशा डोक्याचा स्कॅन करत नाहीत. पण सांगायचं कुणाला? दहीहंडीच्या दिवशी टेंगूळ आलेला प्रत्येक जण अख्खं मंडळ घेऊन येतो, सीटी मागतो आणि नाही म्हटलं की अंगावर धावून येतो. गेल्या वर्षी तिच्या सहकाऱ्याने याच खोलीत थोबाडीत खाल्ली होती.

"हेल्मेट फुटलंय, दिसत नाही का तुला?" रचनाने ते टेबलावर आपटलं आणि एक सणसणीत शिवी हासडली.

"हेल्मेटने त्याचं काम केलं. ती ठीक आहे. किती वेळा सांगू?"

रचनाने मान डोलावली. मग म्हणाली, "सीटी स्कॅन कधी करणार हिचा?"

ही मुद्दाम छळतेय, मृणालला वाटलं. "रामा, हिला बाहेर काढ आधी!"

वॉचमन रामाने रचनाचा दंड धरला. ती त्याला ओरबाडायला लागली. पथकातल्या मुली मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"मॅडम, ताई अशी नाहीये हो," दीप्ती रडवेली झाली. "शिवी सोडा, ती कुणाला अगं-तुगं पण करत नाही."

मृणालचा राग जागच्या जागी थिजला. तिने हेल्मेटवरची भेग पाहिली. "हे रस्त्यावर आपटून फुटलं ना?"

"नाही. ताईच्या डोक्यावर. हेल्मेट फक्त वरच्यांना देतात."

रामा तोवर दारापर्यंत पोचला होता. मृणाल धावली. "सोड तिला! स्ट्रेचर आण!"

रचनाने तिच्याकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहतेय. "ओ मॅडम, सीटी स्कॅन कधी करणार?"

"आत्ता," मृणाल म्हणाली आणि तिलाच स्ट्रेचरवर आडवं केलं.